चिलट नव्हे, ती पोया

(सामुदायिक रेडिओच्या महिला कार्यक्रमात सादर झालेलं भाषण)

दक्षिण कोकणातल्या एका वाडीतल्या आम्ही नऊजणी आज तुमच्याशी बोलायला आलोय. विषय आहे एक माशी, आणि तिचा जवळून फोटो कसा काढायचा. तुम्ही म्हणाल, माशीचा कसला फोटो काढायचा? घरात माश्या काय कमी आहेत? पण ही घाणीवर बसणारी माशी नव्हे. ही मधमाशी आहे, आणि ती डंख मारत नाही. तिला नांगी असते ती नावापुरती, टोचण्याच्या उपयोगाची नाही. आपल्याकडे हिला पोया म्हणतात, पोयाची माशी. तुमच्या गावात नाव वेगळं असेल.

आग्या माशी सगळ्यांना माहीत असते, कारण तिची भीती असते. उंच झाडावर, कड्यावर तिचं मोठं पोळं लोंबतं. सातेरी माहीत असते, कारण ती पेटीत पाळतात आणि तिचा मध बाजारात येतो. फुलोरी कुंपणाच्या झुडपात तळहाताएवढं पोळं करते, तीही पोराटोरांनी पाहिलेली असते. पोया मात्र या सगळ्यांत लहान. लांबी तीन ते चार मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. रंगाने काळी. तुळशीच्या मंजिरीवर, कोथिंबिरीच्या फुलावर, केळफुलावर ती रोज येत असते, आपल्या डोळ्यांसमोर येत असते, आणि आपण म्हणतो, चिलटं झाली बघा. नाहीतर म्हणतो, पंखवाल्या मुंग्या आल्या. एकदा चिलट म्हटलं की मग फवाऱ्याची बाटली आणायला वेळ लागत नाही.

म्हणून आम्ही फोटो काढायला लागलो. हौस तर होतीच. पण डोळ्यांना जे दिसत नाही ते फोटोत मोठं करून दिसतं, आणि दुसऱ्याला दाखवता येतं, हे आम्हाला लवकर कळलं. तोंडाने शंभर वेळा 'ही मधमाशी आहे' सांगितलं तरी कोणी ऐकत नाही. फोनवर तिचा चेहरा दाखवला की माणूस थांबतो.

आता फोटो कसा काढायचा ते सांगतो. आमच्यातल्या कोणाकडेही महागडा कॅमेरा नाही. घरातले साधे फोन आहेत. तुमच्यापैकी ज्यांनी कधी फुलाजवळ फोन नेऊन पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, फार जवळ गेलं की सगळं धूसर होतं. कारण प्रत्येक भिंगाला काही एक अंतर लागतंच, त्याच्या आत त्याला स्पष्ट दिसत नाही. आणि लांबून काढून बोटांनी चित्र मोठं केलं तर नुसते चौकोनी ठिपके दिसतात. यावर उपाय दोन. काही फोनमध्ये 'मॅक्रो' असा वेगळा पर्याय असतो, तो शोधा. नसेल तर चिमट्यासारखी फोनला लावायची छोटी मॅक्रो लेन्स मिळते, काहीशे रुपयांत. ती फोनच्या भिंगावर बरोबर मधोमध बसवायची. ही लेन्स लावली की फोन फुलापासून दोन-तीन सेंटीमीटरवर न्यावा लागतो. दोन बोटं आडवी धरा, तेवढंच अंतर. आमच्यातल्या एकीच्या भाचीकडे मोठा कॅमेरा आणि खरी मॅक्रो लेन्स आहे. ती सांगते की तिच्या लेन्समध्ये वस्तू आहे तेवढीच कॅमेऱ्याच्या पडद्यावर उमटते, त्याला एकास एक म्हणतात. तिचा पडदा छत्तीस मिलिमीटर रुंद आहे, त्यात चार मिलिमीटरची माशी नवव्या भागाएवढी येते. म्हणजे तिलाही जवळ जावंच लागतं. जवळ जाण्याला पर्याय नाही.

जवळ गेल्यावर दुसरी अडचण येते. इतक्या जवळून फक्त एक-दोन मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट दिसतो. डोळे स्पष्ट आले तर शेपटीकडचा भाग धूसर, पंख स्पष्ट आले तर डोळे गेले. म्हणून माशी आडवी बसलेली असेल तेव्हा फोन तिच्या अंगाला समांतर धरा, म्हणजे डोक्यापासून पंखांच्या टोकापर्यंत सगळी एका पातळीत येईल. आणि एकच काही स्पष्ट येणार असेल तर ते डोळे असू द्या. डोळे नीट आले की बाकी थोडं धूसर असलं तरी फोटो बघवतो. पडद्यावर बोट ठेवून फोकस पकडून ठेवा आणि नंतर फोनच अगदी सावकाश पुढे-मागे करा. दर वेळी नव्याने बोट लावत बसलात तर तोवर माशी पुढच्या फुलावर गेलेली असते.

हात हलतो, ही सगळ्यांची तक्रार. त्याला आमचा उपाय असा. बसून काढत असाल तर कोपर गुडघ्यावर टेकवा. उभं राहून काढत असाल तर कोपर बरगडीला चिकटवा. वाऱ्याने फूल हलत असेल तर देठाला कपड्याचा चिमटा लावा आणि तो चिमटा शेजारी रोवलेल्या काठीला बांधा. फूल मात्र तोडू नका. तोडलेल्या फुलावर माशी आली तरी ती आपल्या भरवशावर आलेली असते, तिचं पोट त्या फुलावर आहे.

फोटो काढायची उत्तम जागा आपल्या प्रत्येकीच्या अंगणात आहे, ती म्हणजे तुळशी वृंदावन. मंजिऱ्या कमरेच्या, छातीच्या उंचीवर येतात, वाकावं लागत नाही, आणि मंजिरीवर एकामागून एक इतकी फुलं असतात की पोया एकदा आली की बराच वेळ तिथेच फिरते. माशीच्या मागे फोन घेऊन धावू नका. एक ताजी मंजिरी निवडा, फोन तिच्याजवळ धरून फोकस लावून ठेवा आणि थांबा. ती येते. आली की बटण दाबून धरा, पुष्कळ फोनमध्ये असं केल्यावर एकापाठोपाठ एक फोटो निघतात. शंभरातले चार-पाच बरे येतात. बाकीचे त्याच दिवशी पुसून टाका, नाहीतर फोन भरतो आणि घरातले ओरडतात.

वेळेचं म्हणाल तर पोयाला ऊब लागते. थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी ती बाहेर पडत नाही. ऊन चढल्यावर, नऊ-दहानंतर वर्दळ वाढते. आपल्याही ते सोयीचंच, सकाळची घाई उरकलेली असते. पण तेव्हाचं ऊन कडक असतं. काळ्या चकचकीत अंगावर ऊन पडलं की एक पांढरा डाग चमकतो आणि बाकी सगळं काळं मिट्ट होतं. त्यासाठी एकीने फुलावर पांढरं पातळ सुती कापड ताणून धरायचं. जुन्या धोतराचा तुकडा सगळ्यांत छान. त्यातून ऊन गाळून येतं आणि माशीच्या अंगावरचे केससुद्धा दिसतात. दुसऱ्या बाजूने पांढरा कागद धरला तर सावलीतल्या भागावरही थोडा उजेड पडतो. फूल पांढरं आणि माशी काळी, त्यामुळे फोन गोंधळतो आणि माशी अंधारात ठेवतो. अशा वेळी पडद्यावर माशीवर बोट ठेवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते किंचित वर सरकवा. आपली सावली फुलावर पडू देऊ नका. सावली पडली की माशी बिचकते.

एक गोष्ट मात्र करू नका. काही जण माशी डबीत पकडून फ्रीजमध्ये ठेवतात, ती गारठून सुस्त झाली की तिला फुलावर बसवून फोटो काढतात. फोटो सुंदर येतो, पण तो खोटा असतो, आणि त्यात माशीचा जीवही जाऊ शकतो. फूल तोडायचं नाही, माशी पकडायची नाही, घराला काडी लावायची नाही, हे तीन नियम आम्ही पहिल्या दिवशीच ठरवले.

आता फोटोत काय दिसतं ते ऐका. पहिल्यांदा दिसतात ते दोन मोठे डोळे, आणि मग नीट बघितलं की कपाळावर आणखी तीन बारीक टिकल्यांसारखे डोळे. पाच डोळे! आमच्यातल्या एका आजींनी ते बघून फोन खाली ठेवला आणि चष्मा पुसून पुन्हा हातात घेतला. पंख मोजा. चिलटाला दोन पंख, पोयाला चार. मागचे पाय बघा, रुंद आणि चपटे असतात. त्यावर परागाची टोपली असते, त्यात ती परागाचा गोळा घट्ट दाबून नेते. चिलटाच्या पायावर असा गोळा कधीच दिसणार नाही. एवढ्या दोन खुणा लक्षात ठेवल्या तरी चिलट कोणतं आणि पोया कोणती हे सांगता येतं.

उन्हात पंखांवर सप्तरंग खेळतात. तिचं शास्त्रीय नावच तसं आहे, टेट्रागोनुला इरिडिपेनिस. त्यातल्या इरिडिपेनिसचा अर्थ इंद्रधनुष्याच्या पंखांची. फ्रेडरिक स्मिथ या कीटकशास्त्रज्ञाने 1854 मध्ये हे नाव दिलं. पण हिच्यासारख्याच दिसणाऱ्या तिच्या आणखी बहिणी आहेत. नेमकी जात ठरवायला तज्ज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. म्हणून आम्ही फोटोखाली नुसतं 'पोया' लिहितो.

पायावरचा गोळा बघताना आणखी एक गंमत कळली. कधी तो गोळा भुकटीसारखा, मऊ दिसतो. तो पराग. आणि कधी तो काचेच्या मण्यासारखा चकाकतो. तो झाडाचा डिंक, राळ. पोया फणसाच्या, आंब्याच्या जखमेतून पाझरणारा चीक गोळा करते आणि स्वतःच्या मेणात कालवून घर बांधते. सातेरीसारखं षटकोनी घरांचं पोळं ती मधासाठी करत नाही. मध आणि पराग ठेवायला ती बारीक बारीक गाडगी करते, एकाला एक चिकटलेली. घराच्या तोंडाशी त्याच मेणाराळेची नळी काढते. मुंगी आत शिरायला लागली तर तिला हीच चिकट राळ फासतात. डंख नाही म्हणून त्या दुबळ्या नाहीत. घर फोडायला गेलात तर केसांत, कानांत शिरतात आणि नखाने चिमटा काढावा तशा चावतात. म्हणून नळीचा फोटो काढताना डोक्याला पदर किंवा फडकं बांधा आणि नळीच्या समोर उभ्या राहू नका, बाजूने काढा. त्यांची ये-जा अडवायची नाही.

तर ही नळी कुठे दिसते? आपल्याकडे जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटीत, गडग्यात, मातीच्या भिंतीत, जुन्या झाडाच्या ढोलीत, कधी विजेच्या मीटरच्या पेटीतसुद्धा. भिंतीतून करंगळीएवढी काळपट तपकिरी नळी बाहेर आलेली असते आणि तिच्या तोंडाशी पहारेकऱ्यांची डोकी दिसतात. आता इथे, मैत्रिणींनो, जरा लक्ष देऊन ऐका.

सातेरीला त्रास झाला तर सगळी वसाहत राणीसकट उठून दुसरीकडे जाते. पोयाला तसं जाता येत नाही. तिची राणी एकदा अंडी घालायला लागली की पोटाने इतकी जड होते की तिला उडताच येत नाही. ती त्या भिंतीतच जगते आणि तिथेच मरते. म्हणजे आपण नळी तोडून त्यावर गिलावा फिरवला तर आत राणी, पिल्लं, मध, सगळं जिवंत गाडलं जातं. आमच्या भागात एका सार्वजनिक इमारतीच्या भिंतीला असा गिलावा झालेला आम्ही पाहिला. बाहेर राहिलेल्या माश्या तीन-चार दिवस त्या ओल्या सिमेंटवर जागा हुंगत फिरत होत्या. पाचव्या दिवशी एकही नव्हती. कोणी दुष्टपणा केला असं नाही. काम करणाऱ्यांना ती चिलटं वाटली, एवढंच.

त्यानंतर वाडीतल्या एका घराची पडवी दुरुस्तीला निघाली. भिंतीत नळी होती. घरातल्यांचं म्हणणं, औषध मारू, भोक बुजवू, मोकळं होऊ. आमच्यातल्या दोघी फोन घेऊन गेल्या. नळीच्या तोंडाशी दाटीने बसलेल्या पहारेकऱ्यांचा फोटो होता, आणि त्याच माश्या शेजारच्या तुळशीवर बसल्याचा होता. गवंडीदादांनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला, पायावरचा गोळा बघितला आणि म्हणाले, "ही तर मधाची माशी हो! मग तिचं दार का बुजवायचं?" त्यांनीच अंगठ्याएवढ्या पाइपचा एक तुकडा त्या भोकाशी धरला आणि त्याच्या भोवतीने गिलावा केला. माश्या दोन दिवस बावरल्या. मग पाइपच्या तोंडाला त्यांनी आपल्या राळेची कड लावली आणि ये-जा सुरू झाली. आज त्या घरात पाहुणे आले की आधी पाइप दाखवतात.

भिंत पाडायचीच असेल तर? तेव्हा माश्या सांभाळणाऱ्या जाणत्या माणसाला आधी बोलवा. केरळात पोया पाळायची जुनी रीत आहे, बांबूच्या नळकांड्यात, मडक्यात, लाकडी पेटीत. भिंतीतल्या घराच्या तोंडाला नळी जोडून तिचं दुसरं टोक रिकाम्या पेटीला लावतात. माश्यांना पेटीतूनच ये-जा करावी लागते, आणि हळूहळू त्या पेटीतच संसार मांडतात. त्याला काही महिने लागतात. म्हणून दुरुस्ती ठरली की लगेच भिंती बघून घ्या, गवंडी दारात आल्यावर नव्हे.

दुसरी गोष्ट फवारणीची. आंबा मोहोरला, काजू फुलला की तुडतुड्यांसाठी, ढेकण्यांसाठी औषध मारावं लागतं, ते आम्हालाही कळतं. वर्षाचा पैसा त्या मोहोरावर असतो. पण त्याच मोहोरावर आम्ही काढलेल्या फोटोंत पोया आहेत, सातेरी आहेत, फुलमाश्या आहेत. फळ धरायला हीच मंडळी मदत करतात. पोया लांब जात नाही, घरापासून काहीशे मीटरांत फिरते. म्हणजे आपल्या बागेत जी मरते ती आपल्याच भिंतीतली. म्हणून फुलं उमललेली असताना फवारणी टाळायची. अगदीच करावी लागली तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करायची. परसातल्या काकडी-भोपळ्यालाही हाच नियम. घरातले पुरुष फवारणी करत असतील तर भांडू नका. सकाळी त्याच झाडावर काढलेला फोटो जेवताना दाखवा. आमच्याकडे तीन घरांत फवारणीची वेळ अशीच बदलली.

एक सावधगिरी सांगतो. फोटो चांगला आला की आपण तो लगेच सगळ्या ग्रुपवर पाठवतो. फुलावरच्या माशीचा खुशाल पाठवा. पण नळीचा फोटो पाठवताना ती कोणाच्या भिंतीत आहे, कुठल्या झाडात आहे हे लिहू नका. पोयाचा मध आंबटसर, पातळ, औषधी म्हणून त्याला मागणी असते आणि भाव चढा असतो. एका वसाहतीतून वर्षाला जेमतेम काहीशे ग्रॅम मध निघतो, पण तेवढ्यासाठी लोक भिंत उकरतात, ढोली फोडतात आणि अख्खं घर मोडून जातात. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर नोंद करत असाल तर तिथे नेमकी जागा झाकायची सोय आहे, ती वापरा. फोटोबरोबर फुलाचं नाव, महिना आणि वेळ मात्र जरूर लिहा. आमच्या वहीत आता दोन वर्षांच्या नोंदी आहेत. कोणत्या महिन्यात पोया कशावर येते ते त्यात दिसतं. पावसानंतर ती तुळशीवर असते, पुढे काजू-आंब्याच्या मोहोरावर जाते, आणि केळफूल मिळालं तर केव्हाही त्यावर येते. त्यावरून अंगणात काय लावायचं तेही ठरवता येतं. कोथिंबिरीचे दोन वाफे आम्ही आता फुलायला ठेवून देतो.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं करा. सकाळी दहाच्या सुमाराला तुळशीपाशी वीस मिनिटं उभ्या राहा. फोन असेल तर फोनने, नसेल तर नुसत्या डोळ्यांनी बघा. काळी, बारीक, पायावर गोळा असलेली माशी दिसली तर ती कुठल्या दिशेने परत जाते ते बघा. तिचं घर जवळपासच असणार, कदाचित तुमच्याच भिंतीत. सापडलं तर भिंतीवर खडूने एक छोटी खूण करा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, इथे हात लावायचा नाही. आणि दिवाळीआधी रंगकाम, गिलावा काढणार असाल तर ती खूण गवंड्याला पहिल्या दिवशी दाखवा.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्या वाडीत किती नळ्या सापडल्या ते आम्हाला ऐकायचं आहे.